पेशंट टोमॅटो, संशयित हरेश्वर

१० नोव्हेंबर, रविवार. चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर.

रिटायर झाल्यापासून सेसिलिया विचारतेय, आता दिवसभर घरात काय करणार. आज उत्तर मिळालं. टोमॅटो.

पहिल्या मजल्यावरच्या हरेश्वरने नर्सरीतून सहा रोपं आणली आणि तीन मला दिली. रिटायरमेंटची भेट समज म्हणाला. त्याचा जन्म पोर्टच्या लाँचवर गेला, मातीतलं त्याला काय कळणार. पण भेट म्हणून घेतली. माझी तीन गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, त्याची तीन पाण्याच्या टाकीशेजारी.

रोपं प्लास्टिकच्या छोट्या ग्लासांत होती. हरेश्वरने सरळ ग्लास टराटरा फाडले आणि रोपं कुंडीत कोंबली. मला बघवेना. मी ग्लासासकट लावली. मुळांना धक्का नको. हॉस्पिटलात याला मिनिमल हँडलिंग म्हणतात.

१४ नोव्हेंबर

तीसेक वर्षं एक्स-रे काढले. श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. फिल्म ओली असतानाच मला कळायचं कुठे काय मोडलंय. पण बोलायची परवानगी नाही. निदान डॉक्टर करणार. कालचा पोरगा यायचा, फिल्म उलटी धरायचा, मग मी हळूच सुलटी करून द्यायचो, मग तो तेच सांगायचा जे मला सकाळपासून माहीत होतं.

आता हे तीन पेशंट माझे आहेत. मध्ये कोणी डॉक्टर नाही.

२४ नोव्हेंबर

पेशंट नंबर दोनची खालची पानं पिवळी. एक आणि तीनची वाढ थांबल्यासारखी.

निदान: पाणी कमी पडतंय. उपाय: दिवसातून तीनदा, भरपूर.

हरेश्वर आठवण झाली तर पाणी घालतो. काल त्याने चहाचा उरलेला चोथा टाकला. वरून गाणं म्हणत होता. असली ट्रीटमेंट.

१ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस विसरणार नाही.

संध्याकाळी बिल्डिंगची अर्धी माणसं गच्चीवर. सेक्रेटरी जगदीश चहाचा कप घेऊन फिरत होता. हरेश्वर माझ्या कोपऱ्यात आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “रूपर्ट, तुझ्या झाडांना कावीळ झाली रे.”

सगळे हसले. जगदीशच्या नाकातून चहा आला.

सेसिलियाही हसली. नोंद करून ठेवतोय.

निदानाचा अधिकार जन्मभर डॉक्टरांनी दिला नाही, तो लाँचवाल्याने माझ्याच पेशंटवर वापरला. हिशोब होईल.

३ डिसेंबर

केस हिस्टरी नीट तपासली. रोपं कोणी दिली? हरेश्वरने. सहातली तीन कोणी निवडली? हरेश्वरने. आजारी तीन माझ्या गळ्यात आणि ठणठणीत तीन स्वतःला. उघड आहे.

कारण काय? मागे त्याचा खांदा दुखायचा तेव्हा तो आमच्या डिपार्टमेंटला आला होता. मी त्याला त्या थंड प्लेटला टेकून तीन वेळा उभं केलं, कारण तो हलत होता. तेव्हाच म्हणाला होता, बघून घेईन. हसत म्हणाला होता, पण म्हणाला होता.

सेसिलियाला हे सांगितलं. ती म्हणाली, कांदा कापून दे.

५ डिसेंबर

मोबाईलवर व्हिडिओ बघितला. खालची पानं आधी पिवळी म्हणजे नायट्रोजन कमी. युरिया आणला. व्हिडिओवाला म्हणतो चिमूटभर. त्याने माझे पेशंट बघितलेले नाहीत. मूठभर दिला.

८ डिसेंबर

पानांच्या कडा करपल्या. याचा अर्थ वरून काहीतरी फवारलं गेलंय. कोणी फवारलं हे लिहायची गरज नाही.

१० डिसेंबर. दुपारी सव्वातीन.

कारवाई सुरू.

हरेश्वर जेवून झोपतो, त्याची बायको सखुवहिनी दादरच्या बाजारातून मासळी विकून येते आणि तीही आडवी होते. गच्ची रिकामी. त्याची झाडं गुडघ्याच्या वर गेली आहेत. खोड आणि फांदीच्या बगलेत जिथे जिथे नवा कोंब फुटत होता तिथे तिथे तो मोडला. एकही सोडला नाही. त्याच्या झाडांची पुढची पिढी संपवली.

खाली येऊन गार पाण्याने हात धुतले. सेसिलियाने विचारलं, बोटं हिरवी कशाने. म्हटलं, सेवा.

१५ डिसेंबर

माझे: जैसे थे. नंबर तीनला दोन पानं कमी.

त्याचे: माझ्या कमरेला लागले. फुलांचे घोस.

१६ डिसेंबर

पुन्हा व्हिडिओ. टोमॅटोच्या बगलेतले कोंब खुडले तर झाडाची ताकद वाया जात नाही, असं त्या माणसाचं म्हणणं. म्हणजे मी त्याच्या झाडांची मोफत ट्रीटमेंट केली. हे त्या व्हिडिओवाल्याने पाच तारखेलाच सांगायला काय हरकत होती?

असू दे. फुलं आलीत ना, फुलंच पाडतो. फूल नाही तर फळ नाही.

१७ डिसेंबर. दुपारी.

एकेक झाड खोडाशी धरलं आणि बदाबदा हलवलं. पिवळी धूळ उडाली. दोन-चार फुलं पडली. उद्या पुन्हा. रोज करायचं ठरवलंय. व्यायामही होतो. डॉक्टरने खांदे हलवायला सांगितलेच आहेत.

२५ डिसेंबर, नाताळ

सखुवहिनीने सकाळीच ताजे पापलेट पाठवले. सेसिलियाने नाताळच्या फराळातले कुलकुल आणि नेवऱ्या खाली पाठवल्या. मी विरोध केला. सेसिलिया म्हणाली, पापलेट परत पाठवू का? शत्रूचा पापलेट. शेपटीकडचा तुकडा घेतला, फार गुंतायचं नाही म्हणून. मग अजून एक.

जेवणानंतर हरेश्वर मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेला. पायऱ्या चढताना दोनदा थांबला, वय झालं म्हणाला. दाखवायचं होतं ते दाखवलं: प्रत्येक घोसात गोट्यांएवढे हिरवे टोमॅटो. फूल असं वाया जात नाही कधी, म्हणाला, यंदा कसं काय लागलं कोण जाणे.

मला माहीत आहे कसं लागलं. घरी येऊन शोधलं. टोमॅटोचं फूल हललं की त्याचाच पराग त्याच्यावर पडतो. शहरात मधमाश्या नाहीत म्हणून लोक मुद्दाम झाड हलवतात. नाताळचा दिवस आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

२ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प: साखर कमी. हरेश्वर खलास.

आज बांगडे आणले होते. ते धुतलेलं पाणी सेसिलिया फेकणार, तेवढ्यात बादली घेतली आणि दुपारी त्याच्या कुंड्यांत ओतली. वास सुटेल, मांजरं येतील, कुंड्या उकरतील. मनात मांजरांची फौज उभी राहिली होती.

६ जानेवारी

मांजरं आली. चार. वास घ्यायला त्याच्या कुंड्या आणि झोपायला माझ्या. माझी माती कायम ओली असल्यामुळे गार लागते म्हणे. एक नंबर दोनवर बसली होती. नंबर दोन आता नाही.

त्याच्या झाडांचा रंग काळपट हिरवा, तेल लावल्यासारखा. हरेश्वर म्हणतो, कोण तरी बुंध्याशी मासळीचं पाणी टाकतं वाटतं, देव त्याचं भलं करो. माझ्याकडे बघून म्हणाला नाही. पण म्हणाला.

११ जानेवारी

उरलेल्या दोघांसाठी प्रोटेक्शन. माझ्याकडे जुन्या रिजेक्ट फिल्मचा गठ्ठा आहे, हललेल्या, काळ्या आलेल्या. त्या दोरीला बांधून कोपऱ्याभोवती लावल्या. मांजर येणार नाही, कावळा येणार नाही, फवारणी आली तर अडेल.

जगदीशची सासू मिरच्या वाळत घालायला वर गेली. वाऱ्यावर बरगड्या हलताना बघून चपला वरच टाकून खाली आली. जगदीश म्हणाला, काका, काढाल का ते. म्हटलं, आधी हरेश्वरला बोल. त्याला संदर्भ कळला नाही.

१६ जानेवारी

शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. म्हणजे मॅग्नेशियम. एप्सम सॉल्ट आणलं, तेही सढळ हाताने दिलं. वाढ अजूनही वीतभर. सेसिलिया म्हणाली, फिल्मच्या सावलीत त्यांना ऊन कुठे मिळतं. म्हटलं, तू कधीपासून बघायला लागलीस? म्हणाली, मी दोरीवर कपडे वाळत घालते रोज.

सगळेच आता निदान करायला लागलेत.

२१ जानेवारी

देव आहे.

आमच्या बेडरूमच्या छतावर ओलीचा डाग पडला. सेसिलियाच्या ऑल्टरच्या बरोबर वर, मदर मेरीच्या डोक्यावर टिपूस पडतंय. आमच्या वर गच्ची. गच्चीवर पाणी कोण घालतं? ज्याची झाडं छातीएवढी झालीत तो. एवढी झाडं पाणी पिणारच.

सोसायटीला लेखी तक्रार केली. हरेश्वरच्या कुंड्यांमुळे स्ट्रक्चरला धोका, कुंड्या त्वरित हटवाव्यात. इंग्लिशमध्ये लिहिली, म्हणजे वजन पडतं. ‘इमिजिएट’ दोनदा लिहिलं.

आता जाईल तो कायमचा. टोमॅटो खायच्या आत.

२५ जानेवारी

जगदीश इन्स्पेक्शनला आला. आधी आमच्या बेडरूममध्ये टेपने भिंतीपासून डागापर्यंत मोजलं, मग वर जाऊन तेच माप गच्चीवर मोजलं. मी, हरेश्वर, सेसिलिया, सगळे बघत होतो. टेप माझ्या कुंड्यांपाशी येऊन थांबला.

हरेश्वरची टाकीजवळची जागा जिन्यावर येते. तिथे खाली कोणाचं घरच नाही.

जगदीशने हळू आवाजात विचारलं, काका, दिवसातून किती वेळा पाणी घालता? मी म्हटलं, पेशंटच्या गरजेप्रमाणे. सेसिलिया म्हणाली, तीनदा, बादलीने.

निर्णय: माझ्या कुंड्या हटवायच्या. त्याच्या राहतील. माझ्याच तक्रारीवर.

हरेश्वर म्हणाला, काय एवढं, तुझी दोन माझ्या बाजूला आणून ठेव, जागा आहे. सगळ्यांसमोर म्हणाला. दया दाखवायला माणूस कुठली वेळ निवडतो बघा.

२६ जानेवारी. झेंडावंदनानंतर.

कुंड्या रिकाम्या करायला घेतल्या. हरेश्वर मदतीला आला, मी बोलावलं नव्हतं. त्याने नंबर एक कुंडीतून उपटलं आणि तसाच उभा राहिला. मातीच्या गोळ्याच्या जागी प्लास्टिकचा ग्लास. आत मुळांची गच्च गुंडाळी, ग्लासाच्याच आकाराची, बाहेर पडायला वाटच नाही. नंबर तीन मी उपटलं, त्याचंही तेच.

नोव्हेंबरपासून ते ग्लासात होते.

मी जन्मभर माणसांच्या आत बघत आलो. कुंडीच्या आत बघितलं नाही.

हरेश्वर हसला नाही. ग्लास माझ्या हातातून घेतला, कचऱ्याच्या पिशवीत टाकला आणि त्यावर माती टाकली, कोणाला दिसू नये म्हणून. हसला असता तर मी सहन केलं असतं. न हसणं म्हणजे काय असतं ते मला कळतं. डॉक्टर लोकही पेशंट वाचणार नसला की असेच गप्प होतात.

हे मी विसरणार नाही.

२ फेब्रुवारी

त्याचे टोमॅटो लाल झाले. बिल्डिंगभर वाटतो आहे. आमच्याकडे सहा आले, सगळ्यांपेक्षा दोन जास्त. मुद्दाम. सेसिलियाने सार केलं. मी नुसता भात खाल्ला. रात्री सार उरलं होतं म्हणून थोडं.

ठरलं. आता अर्धवट काही नाही. खोडाशी कापायचं. सेसिलियाची चिकन कापायची कात्री मजबूत आहे.

४ फेब्रुवारी

जे घडलं ते तसंच लिहितो.

तीन वाजता कात्री घेऊन दार ओढलं. वर वळणार तेवढ्यात खालून धाप ऐकू आली. उतरून बघतो तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात हरेश्वर पायरीवर बसला होता. अंगात बनियन, कपाळावर घाम, श्वास लागलेला. माझ्याचकडे यायला निघाला होता. हातात मोठं खाकी पाकीट.

माझ्या हातातली कात्री बघून म्हणाला, “छाटायला चाललास ना? उजवीकडचं जरा दाट झालंय, तेवढं कर.”

मी कात्री पाठीमागे धरली.

मग म्हणाला, प्रितमने जबरदस्तीने छातीचा फोटो काढायला लावला. प्रितम त्याचा मुलगा, सीवूड्सला राहतो. डॉक्टरने उद्या या म्हणून सांगितलंय, पण इंग्लिशमध्ये काहीतरी बोलला, मला कळलं नाही. “आधी तू बघ. तू बघितलंस की मला बरं वाटेल.”

कात्री पायरीवर ठेवली. फिल्म काढून जिन्याच्या खिडकीशी उजेडात धरली.

कोणी मला पहिल्यांदा विचारलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि ते यानेच विचारायचं होतं.

हृदयाची सावली छातीच्या निम्म्याहून जास्त. दोन्ही बाजूला खाली धुकं, म्हणजे पाणी. हे शिकवावं लागत नाही. नाताळला हा जिन्यात दोनदा थांबला होता, तेव्हाच कळायला हवं होतं. मी त्या दिवशी फक्त त्याचे टोमॅटो बघत होतो.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हटलं, फोटो चांगला काढलाय, हलला नाहीस यावेळी. तो हसला. मग म्हटलं, उद्याची वाट बघायची नाही, आत्ता जायचं. माझ्या ओळखीचे लोक आहेत. कपडे घाल, मी टॅक्सी आणतो.

कात्री जिन्यातच राहिली. सेसिलियाला संध्याकाळी सापडली. तिने ती धुऊन जागेवर ठेवली.

५ फेब्रुवारी. हॉस्पिटलच्या कँटीनमधून.

तीन नसा बंद. बायपास. डॉक्टर म्हणाले, कालच आणलंत म्हणून, नाहीतर. पोरगा आहे, पण फिल्म सुलटी धरतो.

सखुवहिनी बाकावर टोपली नसलेल्या हातांनी बसली होती. त्या हातांत काही नाही असं मी कधी बघितलं नव्हतं. मी तिला सांगितलं, काळजी करू नको, मी ह्या लोकांना ओळखतो. खरं तर माझ्या वेळचा एकच वॉर्डबॉय उरलाय, बुधाजी, आणि त्यालाही आता कमी ऐकू येतं.

९ फेब्रुवारी

ऑपरेशन उद्या. भेटायला गेलो. हरेश्वरने मला वाकायला सांगितलं. म्हणाला, झाडं तुझ्यावर सोडतो. मग म्हणाला, “मला माहीत आहे तू दुपारी वर जायचास. टाकीच्या पाइपचा वॉल्व्ह बघायला एकदा मी आलो होतो, तेव्हा दिसलास. हलवत होतास. स्वतःची मरत होती आणि माझी जपत होतास. मी सखूला म्हटलं, असा माणूस मिळायचा नाही.”

नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. बरं झालं.

गैरसमज दूर करायचा होता. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला उत्तेजित करू नये हा नियम आहे.

१० फेब्रुवारी

दुपारभर ऑपरेशन. नीट झालं. चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलो. त्याच्यासाठी नाही, हॉस्पिटलच्या सर्व स्टाफसाठी.

१३ फेब्रुवारी

त्याच्या झाडांची जबाबदारी अधिकृतपणे घेतली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी कुरवाळलं. लाल झालेले डबा भरून सखुवहिनीला दिले. यावेळी ग्लास वगैरे काही नाही, आधीच उकरून बघितलं.

१७ फेब्रुवारी

खालचं एक पान पिवळं.

युरिया नाही दिला. शपथेवर लिहितो. थोडासाच दिला.

२० फेब्रुवारी

हरेश्वर घरी आला. छातीशी उशी धरून बसतो, खोकला आला की दाबतो. महिनाभर तरी वरच्या जिन्याचं नाव काढायचं नाही. मला बघून पहिलं वाक्य: झाडं कशी आहेत? म्हटलं, फर्स्ट क्लास.

फर्स्ट क्लास नाहीत. फुलं गळतात, फळ धरत नाही.

२३ फेब्रुवारी

खूप विचार केला. निदान सापडलं.

जोवर मी त्याचा सूड घेत होतो तोवर झाडं वाढली. कोंब मोडले ते रागाने, हलवली ती रागाने, मासळीचं पाणी ओतलं ते रागाने. आता प्रेमाने करतो आणि पानं पिवळी पडतात. म्हणजे उपाय एकच. पुन्हा द्वेष करायचा.

दुपारी तीनला वर गेलो. झाडासमोर उभं राहून कावीळ आठवली, जगदीशचं नाक आठवलं, टेपही आठवला. थोडा राग आला. तेवढ्यात खालून हरेश्वरच्या खोकल्याचा आवाज आला आणि सगळा गेला.

१ मार्च

कालपासून दादरच्या बाजारातून टोमॅटो आणतो. अर्धा किलो. त्यातले चांगले निवडून, देठाचे, डब्यात घालून सखुवहिनीकडे देतो: झाडाचे. हरेश्वरला वाटायला नको की झाडं गेली. पेशंटचा मूड महत्त्वाचा. भाजीवाल्याकडे एकेक टोमॅटो उजेडात धरून बघतो. सवय.

५ मार्च, राखेचा बुधवार

लेंट सुरू. चाळीस दिवस काय सोडायचं? दरवर्षी दारू सोडतो. यंदा फादर इयानना विचारलं, एखाद्या चांगल्या कारणासाठी माणसाचा द्वेष करायचा असेल, समजा झाडं वाचवायला, तर लेंटमध्ये चालेल का. फादरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग विचारलं, सकाळपासून काही खाल्लं आहे का?

म्हणजे द्वेषही गेला. दारूही गेली. झाडं जाणारच.

११ मार्च

दोन झाडं वाळली. तिसऱ्याची वरची पानंही पिवळी.

सेसिलिया अलीकडे टोमॅटोचं काहीतरी रोज करते. सार, चटणी, बांगड्याच्या कालवणातही टोमॅटो. आज बोललोच. तिला टोमॅटो निवडता येत नाहीत. साल जाड, आतून पांढरट, चव नाही. मी हरेश्वरसाठी कसे निवडतो ते एकदा बघावं तिने. ती म्हणाली, हो का. आणि वाढत राहिली.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ.

डॉक्टरने हरेश्वरला जिना चढायची परवानगी दिली. मला कोणी कळवलं नाही. दुपारी दारावर टकटक, बाहेर हरेश्वर, उशी छातीशी, मागे सखुवहिनी. चल वर, म्हणाला, झाडं बघू.

पर्याय नव्हता. जिना चढताना मी त्याच्या पुढे चालत होतो, म्हणजे आधी पोचून काहीतरी करता येईल. काय करणार होतो माहीत नाही.

तो गच्चीवर आला आणि त्याने बघितलं. दोन काठ्या आणि एक पिवळं झाड. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उन्हाळा लागला. तो म्हणाला, “मला वाचवलंस आणि झाडं मारलीस. उलटं केलं असतंस तर सखूचं काय झालं असतं?” आणि हसायला लागला. उशी घट्ट दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसू नको रे, टाके दुखतात, असं मलाच सांगत होता.

मला राग आला. महिनाभराने पहिल्यांदा खरा. म्हटलं, ऐक, मी तुझी झाडं कधी जपली नाहीत. मी कोंब मोडायला जायचो, फुलं पाडायला जायचो. मांजरांनी कुंड्या उकराव्यात म्हणून बांगड्याचं पाणी ओतलं. त्या दिवशी कात्रीने मुळापासून कापायला निघालो होतो. सूड घेत होतो मी, दोन महिने.

तो अजून जोरात हसला. सखुवहिनीने त्याला कठड्याला टेकवला. बास करा रूपर्टभाव, म्हणाली, डॉक्टरने त्याला हसवायला सांगितलेलं नाही.

एका माणसाने दोन महिने मनापासून सूड घेतला आणि बिल्डिंगमध्ये एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नाही.

खाली उतरताना सखुवहिनी माझ्याबरोबर मागे राहिली. म्हणाली, आणि ते टोमॅटो आता राहू दे भाव. माझ्या बाजूला बसतो तो भाजीवाला, पहिल्याच दिवशी सांगितलं त्याने, तुमचा एक्स-रेवाला येतो, एकेक टोमॅटो सूर्याला दाखवतो. हरेश्वरला गोळ्यांमुळे टोमॅटोची जळजळ होते, म्हणून सगळे मी वर सेसिलियाकडे देते. सांगू नको म्हणाली ती.

घरी आलो. सेसिलिया कांदा कापत होती. मी उरलेला कांदा सोलून तिच्यापुढे ठेवला. तिने विचारलं, उद्या बाजारात जाणार आहेस का? म्हटलं, का?

म्हणाली, टोमॅटो संपलेत.